आड बुजवण्याचा ठराव

ग्रामसभेत कुणी बोललं की सभागृह एका खणाने लांबायचं. सकाळी सह्या करून सगळे आत शिरले तेव्हा तुळयांमधले खण पाच होते. रावजी हुलवळे म्हणाला, जुना आड बुजवू, वर गाळे काढू, आणि खण सहा झाले. कुणी म्हणालं, अजिबात नाही, की खण सात. इंदुमतीबाईंना भारी मौज वाटली. तीस वर्षं कॉलेजात त्यांनी लोकशाही शिकवली होती: माणसं बोलली, ऐकू लागली, की जवळ येतात. इथे तर भलतंच! त्या वहीत खण मांडायला लागल्या. पण जीव टांगणीला होताच. खालच्या आळीला पाणी काय ते त्या आडाचं, आणि बाईंचं घर खालच्या आळीतच.

बाविसाव्या खणाला रावजी दिसेनासा झाला.

"रावजी, ऐकू येतंय का रे?" बाई ओरडल्या. तेविसावा खण.

समोरासमोर बसलं की माणूस ऐकतो, हेही त्यांनीच शिकवलेलं. चपला हातात घेऊन त्या निघाल्या. वाटेत लोक भाकरी सोडून बसले होते.

"तुमचं काय मत?" बाईंनी एकीला विचारलं.

"मी बोलले तर तुम्हालाच जास्त चालावं लागंल, बाई."

दुपार कलता कलता रावजी सापडला. बाईंनी मांडी घालून त्याला खालच्या आळीचे उन्हाळे सांगितले. त्याची आईसुद्धा त्याच आडाचं पाणी शेंदायची, तेही सांगितलं. रावजीने डोळे पुसले.

"पटलं, बाई. अगदी पटलं."

"मग घे ना मागे!"

"आता कुठलं? ठराव सकाळीच झालाय."

शेजारी ग्रामसेवक भाऊसाहेब प्रोसिडिंग बुक घेऊन बसले होते. त्यांनी पान दाखवलं. आड बुजवणे, एकमताने मंजूर. खाली पहिलीच सही बाईंची.

"अहो, ती हजेरीची सही! पान कोरं होतं!"

"कोरंच असतं, बाई. सह्या आधी, मजकूर मागनं. आपल्याकडं पहिल्यापासनं असंच आहे."

बाईंचं पित्त खवळलं. "मग आम्ही दिवसभर बोललो ते?"

"छान बोललात की," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

वादच उरला नाही, तसं सभागृह भराभरा आखडायला लागलं. खणात खण शिरले. माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, भिंती गोल झाल्या, ओल्या झाल्या, घोट्यापर्यंत पाणी आलं. बाईंनी वर पाहिलं. आभाळाचा वाटोळा तुकडा होता, आणि काठावर कुणीतरी मातीचं घमेलं घेऊन उभं होतं.

बाईंनी हात वर केला.

"माझा एक मुद्दा आहे," त्या म्हणाल्या, आणि आड एका खणाने खोल झाला.