गडपबुवाचे खडे

हॉलच्या मागच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे लग्न लागलं होतं, पण नवरा-नवरीकडे बघायला सवड कोणाला? सगळी मंडळी मागे धावली होती. तिथे थर्माकोलच्या उष्ट्या ताटल्यांचा आणि पेल्यांचा डोंगर होता, आणि डोंगरापुढे लोखंडी पिंप घेऊन गडपबुवा उभा होता.

त्याने ताटल्यांची चळत उचलून पिंपात सोडली. फस्स झालं, बुडबुडे आले, ताटल्यांनी मान टाकली आणि गेल्या. दुसरी चळत गेली. पेले गेले. हातगाडीभर कचरा गिळूनही पिंप काही भरेना.

"हा कचरा नव्हे, तुमचं पाप आहे हे," बुवा सांगत होता. "पुरलं तर उगवतं, जाळलं तर भूत होऊन फिरतं. माझ्या पाण्याला शरण आलं की सुटतं. खुशाल खा, खुशाल फेका. मी बसलोय."

लोकांना हेच हवं होतं. पूर्वी घराघरात एक पेला दिवसभर पुरायचा, आता घोटागणिक नवा पेला लागू लागला. बुवाची ताकीद एकच होती: पिंपाजवळ दिवा, काडी, विडी आणायची नाही, पाणी कोपतं. अंगाला मात्र त्याने एवढं अत्तर फासलेलं असे, की दुसरा कसला वास नाकाला कळूच नये.

गर्दीच्या कडेला खराटा घेऊन मावशी उभी होती. या हॉलची स्टीलची ताटं एके काळी तीच घासायची. थर्माकोल आलं, ताटं कोठीत कुलपाआड गेली आणि मावशीच्या हाती खराटा आला. पुढे कचरागाडीवाल्यांनी तो ढीग उचलायचं नाकारलं, तेव्हा हॉलचा मालक हवालदिल झाला. तेवढ्यात कुठूनसा हा बुवा उगवला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशी मालकाची गत झाली.

मावशीने खरं तर बुवाच्या नावाने बोटं मोडायला हवी होती. पण तिची नात चिमी होती. मुलगा वारल्यावर मागे उरलेलं एवढंच काय ते. सून कारखान्यात पाळीवर जायची, पोर आजीजवळ असायची. चिमीची छाती जन्मापासून शिट्टीसारखी वाजे.

बुवाने मावशीला खडे दिले. पिंपाच्या तळाला पांढरा चीक साठे, तो बुवा पत्र्यावर वाळवायचा, फोडायचा आणि लोकांना फुकट वाटायचा. पाप जाऊन उरलेलं सत्त्व, असं त्याचं म्हणणं. दारं-खिडक्या लावून उशाशी खडा पेटवायचा. धूर काळा आला की समजायचं, पीडा निघाली. जितका काळा, तितकी मोठी पीडा.

धूर काळाकुट्ट आला. काजळीचे धागे खोलीभर तरंगले आणि चिमीच्या उशीवर बसले. मावशीने हात जोडले. एवढ्याशा छातीत एवढी पीडा कुठे मावली होती, म्हणून तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तिने आणखी मोठा खडा लावला. चाळीत घरोघरी हेच चाललं होतं. समोरच्या खोलीतलं तान्हं त्याच सुमारास गेलं, तेव्हा लोक म्हणाले, पीडाच जबर होती.

एका सकाळी चिमीचे ओठ निळे पडले. सून आणि मावशी तिला उचलून दवाखान्यात धावल्या. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या तोंडावर वाफेची नळी लावली, नाक पुसलं. कापूस काळा झाला. घरात काय जाळता, असं त्यांनी विचारलं. मावशीने पदराची गाठ मुठीत धरली. डॉक्टरला सांगितलं की गुण जातो, असं बुवाने बजावलं होतं.

सुनेने मात्र सासूच्या पदराची गाठ सोडली आणि खडा टेबलावर ठेवला.

बाईंनी चिमटभर तुकडा बाहेर ओसरीवर नेऊन पेटवला. मग औषधांच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा पेटवला. तोच वास, तेच काळे धागे. नंतर त्यांनी नर्सकडून नखांचा रंग काढायची बाटली मागून घेतली, वाटीत ओतली आणि त्यात थर्माकोल सोडलं. फस्स झालं. ना मंत्र, ना अत्तर, तरी थर्माकोल गडप. वाटीच्या तळाशी पांढरा चीक.

"मावशी, हे सत्त्व नाही. ही ताटलीच आहे, फुगवायला भरलेली हवा तेवढी निघून गेलेली."

मावशी वाटीकडे बघत राहिली. "म्हणजे मी माझ्या हाताने..."

"फसवलं त्याने," बाई म्हणाल्या. "धूर तुमच्या हातून झाला, हे मी नाकारणार नाही. पण बाकीच्या घरांत तो अजून चालू आहे."

पुढच्या लग्नाला बुवाचा खेळ रंगात आला असताना मावशी गर्दीतून पुढे आली. मागे डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्यांच्या हातात तान्ही बाळं तोलायचा दवाखान्यातला काटा.

"श्रद्धेला तराजू लावता?" बुवा कडाडला.

"श्रद्धेला नाही, ताटल्यांना," बाई म्हणाल्या.

मालक मध्ये पडायला निघाला. तेवढ्यात मावशीने सरळ पिंपात पातेलं बुडवून भरून घेतलं. बुवाने तिचा हात धरला. "माझ्या नातीला नळी लागलीय," ती एवढंच म्हणाली. त्याने हात सोडला.

पातेलं आणि शेजारी ताटल्यांचा मोठा गठ्ठा, दोन्ही एकत्र काट्यावर ठेवलं. काटा कुठे थांबला ते बाईंनी सगळ्यांना पाहू दिलं. मग मावशीने एकेक ताटली पातेल्यात दाबली. गठ्ठा संपला. काटा जवळजवळ होता तिथेच राहिला, केसभर तेवढा मागे सरला.

"केसभर उडालं, ते तुमच्या नाकात गेलं," बाई म्हणाल्या. "बाकी सगळं पातेल्यात आहे. हे रंगवाल्यांचं द्रावण आहे, पेट घेतं, म्हणून दिवा नको. आणि हा चीक वाळला की तुमचे खडे."

लोक पातेल्यावर वाकले. मग एक म्हातारा हळूच म्हणाला, "म्हणजे कचरा गेलाच नाही. याने आपल्याच घरात वाटला."

समोरच्या खोलीतली बाई, जिचं तान्हं गेलं होतं, ती खाली बसली. तिच्या ओच्यात आजचा खडा होता.

बुवा मागच्या दाराने निघाला होता, पण तरुणांनी त्याला पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं. तो आधी रंगाच्या दुकानात कामाला होता, असं नंतर कळलं. त्याला कोंडून ढीग हलणार नव्हता. मालक चिडून म्हणाला, बुवा गेला, आता उद्याच्या ताटल्यांचं काय करायचं?

"धुवायच्या," मावशी म्हणाली आणि कोठीच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

चिमी घरी आली, पण डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. पोर जगेल, पळणार नाही. आता ती नळाजवळच्या पायरीवर बसते आणि आजीने घासलेली ताटं पुसते. नळ बंद झाला की तिच्या छातीची शिट्टी ऐकू येते. मावशी नळ फारसा बंद करत नाही.

फेकलेली वस्तू नाहीशी होत नसते. पुरा, जाळा, विरघळवा, ती जागा बदलते आणि बहुतेक वेळा लहानग्यांच्या छातीत जाऊन बसते. म्हणून कोणी तुमच्यासमोर काही गडप करून दाखवलं, तर टाळी वाजवण्याआधी त्याला एवढंच विचारा: गेलं, तर गेलं कुठे?