सिरानुशचा कमरपट्टा

शरदाच्या अखेरीस ग्युम्रीवर मंद, मधुवर्ण प्रकाश उतरतो. आर्मेनियातलं हे शहर काळ्या पाषाणाचं. काळ्या भिंती, काळ्या कमानी, काळ्या पायऱ्या. त्या श्यामल शिळांवर पॉप्लरची पीतपर्णं अलगद गळत राहतात, आणि दूर क्षितिजावर हिमकिरीट ल्यालेला अरागात्स पर्वत निमूट उभा असतो.

इथल्याच एका अरुंद गल्लीत गेवोर्ग नावाचा चांदीकार राहत असे. केसाएवढी बारीक तार ओढून तो तिची जाळी गुंफी. त्या रजतजाळीत डाळिंबं उकलत, द्राक्षवेली पसरत, पाखरं चोचीला चोच भिडवत. त्याची बायको हायकानुश शेजारी बसून मखमलीवर भरतकाम करी. एकाच खिडकीचा उजेड दोघांना पुरे. त्याच्या हातोडीची किणकिण आणि तिच्या सुईची अबोल ये-जा, एवढाच त्या घराचा नाद.

आर्शाविर त्यांचा एकुलता मुलगा. सिरानुशशी त्याचं लग्न ठरलं, तेव्हा गेवोर्गनं सुनेसाठी चांदीचा कमरपट्टा घडवायला घेतला. घराण्याची तशी रीतच होती. माप द्यायला सिरानुश आली, तेव्हा तिच्या गालांवर डाळिंबी लाली उमलली होती, आणि दाराआड उभा राहून आर्शाविर हसत होता.

मग सीमेवर युद्ध पेटलं. आर्शाविर गेला, आणि परत आला तो बंद पेटीतून.

हायकानुश रडली नाही. तिनं डोक्याला काळा रुमाल बांधला, आणि तिच्या मुखावर या शहराचा पाषाण उतरला. पट्टा पुरा होत आला होता. फक्त फासा बसायचा राहिला होता. गेवोर्गनं पट्टा लोकरी फडक्यात गुंडाळून पेटाऱ्याच्या तळाशी ठेवला. त्यानंतर लोकांच्या तुटक्या साखळ्या आणि सैल झालेले खडे, एवढंच त्याचं काम उरलं.

सिरानुश मात्र येत राहिली. दर रविवारी, काळ्या जाड कपड्यांत. हायकानुशला ती ‘मायरिक’ म्हणे. तिकडे आईला असंच म्हणतात. मायरिक तिला भरतकाम शिकवी. दोघी एकाच कापडावर झुकत. लाल धागा, सोनेरी धागा, निळा धागा. आणि मधे ज्याचं नाव कुणीच घेत नसे, तो. अशी वर्षं सरली.

एका रविवारी सिरानुशनं सुई ओवलीच नाही.

“मायरिक, लेवोननं मला मागणी घातलीय. माझ्याच शाळेत शिकवतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही सांगाल तसं.”

हायकानुशनं मान वर केली नाही. “मी कोण सांगणार? कर लग्न. विसरायचं वयच आहे तुझं.”

सिरानुश उठली. दार ओढून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, किती काळानं, हातोडीचा तो जुना नाद घरात घुमला. हायकानुश दाराशी आली. ऐरणीजवळ फडकं उलगडलेलं होतं, आणि धूसर पडलेल्या पट्ट्यावर पहाटेचा प्रकाश थरथरत होता.

“तो आर्शाविरच्या बायकोचा आहे,” ती म्हणाली.

“माप सिरानुशचं आहे,” गेवोर्ग म्हणाला. “दुसऱ्या कुणाला व्हायचा तो?”

“मी नाही बांधणार तिच्या कमरेला.”

“नको बांधूस. मला पुरा तेवढा करू दे.”

सिरानुशनं लेवोनला होकार कळवला. लग्नाच्या आदल्या दिवशी गेवोर्गनं तिला बोलावून घेतलं. ती नववधूच्या लाल मखमली झग्यात आली. काळ्या घरात जणू एक ज्योत आली. हायकानुश खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. गेवोर्गनं पट्टा उचलला खरा, पण तो बायकोपुढे धरला.

“हायकानुश,” तो हळूच म्हणाला, “हे बाईमाणसाचं काम आहे. जरा ये ना.”

ती आली. सिरानुशच्या नजरेला नजर न देता तिनं पट्टा कमरेभोवती वेढला, फासा अडकवला, हात काढून घेतले. आणि पट्टा घसरला. कमरेवरून खाली आला, ओघळत जाऊन नितंबांवर टेकला.

हायकानुश पाहत राहिली.

“हे कधी झालं?”

“तो गेला त्याच हिवाळ्यात,” सिरानुश म्हणाली. “नंतर अंग भरलंच नाही, मायरिक.”

इतके रविवार ही पोर शेजारी बसत होती. जाड लोकरीच्या आत देह झिजत होता, शरदातल्या चंद्रकोरीसारखा कलेकलेनं क्षीण होत होता. आणि हायकानुशला वाटत होतं, दुःख काय ते आपल्याच घरी नांदतं.

ती गुडघ्यांवर बसली. तिनं त्या कृश कमरेला मिठी घातली, मखमलीवर कपाळ टेकलं. सिरानुशचा हात काळ्या रुमालावर आला आणि तिथंच राहिला.

बऱ्याच वेळानं हायकानुश नवऱ्याला म्हणाली, “यातल्या काही कड्या काढा. उद्या लेकीच्या कमरेवरून पट्टा घसरता कामा नये.”

दुसऱ्या दिवशी तो तिनंच बांधला. सनईसारखी झुर्ना गर्जली, ढोल घुमला, लेवोननं खाली वाकून हायकानुशच्या हाताचं चुंबन घेतलं. वरात पांढऱ्या रस्त्यानं दूर गेली. झुर्नेचा स्वर क्षीण, अधिक क्षीण, आणि मग नाहीसाच झाला.

घरी परतल्यावर हायकानुश आतल्या खोलीत गेली, आणि रडली. एवढ्या वर्षांचं, मुलाच्या नावानं हाका मारमारून, मोकळ्या गळ्यानं रडली.

गेवोर्ग आत गेला नाही. तो बाहेरच्या पायरीवर बसून राहिला, मांडीवर हात उताणे टाकून. बर्फ पुन्हा पडू लागलं होतं. धातूनं काळवंडलेल्या त्या तळव्यांवर शुभ्र कण उतरत होते, क्षणभर लकाकत होते, आणि विरघळत होते.