इनडोअरची जोड

आमच्या शिवाजी पेठेत माणसाला विचारायच्या आधी त्याचा फ्लेक्स लागतो. माझाबी लागला, तालमीच्या दारात, हा एवढा मोठा. 'पेठेची वाघीण तेजस्वी निघाली आशियाई इनडोअर स्पर्धेला!' निघाली? कोण निघाली? मी तर कोचना 'न्हाय जात' म्हणून सांगून आलतो. व्हय, आमच्याकडं पोरीबी आलो-गेलोच म्हणत्यात, हसू नका.

कोच म्हणजे अझहर सर. त्यांचं म्हणणं सरळ हुतं. "तेजू, इनडोअर संपली की लगेच एशियाडची निवड चाचणी. मधी पायाला दम खायला सवडच न्हाय. इनडोअरचा ट्रॅक निम्म्या मापाचा, वळणं आखूड, सगळा भार नडगीवर. आणि तुझी नडगी आधीच बोंबलतीया. डॉक्टरला हाडात भेगेची शंका हाय. दोनातलं एक सोड."

मला एशियाड पायजे हुतं. आठशे मीटर. अंबाबाईकडं दुसरं काय कधी मागितलंच न्हाय. म्हणून इनडोअर सोडली. विषय कट, असं मला वाटलं.

पण फ्लेक्स उतरवा म्हणून सांगाय तालमीत गेलो, तर पिराजी वस्तादांनी हलगीवाला बोलावून ठेवलेला. माझे आबा त्यांचेच जुने पठ्ठे, ते फेटा बांधून उभे. आई ओवाळायचं ताट घेऊन.

"वस्ताद, मी जाणार न्हाय."

हलगी थांबली.

"जोड ठरल्यावर माघार?" वस्ताद म्हणाले. कुस्तीत जोड ठरली आणि पैलवान मैदानात आलाच न्हाय, तर तो हरला असं कुणी म्हणत न्हाय. पळाला म्हणत्यात.

"माझं कामच पळायचं हाय की!"

कुणी हसलं न्हाय. आबांनी मान खाली घातली आणि मला असला संताप आला! पाय माझा, वर्ष माझं, आणि अब्रू तेवढी सगळ्या पेठेची? पण बघितलं तर चारी बाजूंनी आपलीच माणसं, दारातबी आपलीच. जायचं तरी कुठनं?

"पाय दुखतोय," एवढंच म्हटलं.

वस्तादांचा चेहरा उजळला. "मग आधी बोलायचं न्हाय व्हय, येडे!"

त्यांच्या लेखी दुखणं म्हणजे रगडून काढायची गोष्ट. मला पडवीत चटईवर झोपवलं, तेल गरम करून आणलं. आबांनी खांदं धरलं. वस्तादांचा माझ्यावर नातीगत जीव. त्या हातांना नको कसं म्हणायचं? अंगठ्यानं नडगी चेपली तसं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"गाठ हाय, निघंल," म्हणत ते उठले, खांबाला धरलं आणि पैलवानाला पायानं रगडत्यात तसा नडगीवर पाय ठेवून भार दिला.

"वस्ताद, नको..."

"सोस जरा."

आवाज बारीकच आला, शेंग मोडल्यागत. मला कळलं. वस्तादांनाबी कळलं. ते नडगीवरचा पाय उचलून, खांब धरून एका पायावर तसेच उभे राहिले, दुसरा खाली टेकवायला भ्याले.

लांबनं आईला काय कळणार? तिनं इचारलं, "झाला का गं पाय मोकळा?"

"झाला की," मी म्हटलं. "इनडोअरमधनंबी आणि एशियाडमधनंबी."