एकतीस सुधारणा

१४ मार्च २०१९, गुरुवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे; सुधारणा एकूण एकतीस. ही संख्या माझी नव्हे. माझ्या भाच्याने ती स्वहस्ते मूल्यांकनाच्या तक्त्यात भरली, खाली दोन रेघा ओढल्या आणि तक्ता माझ्यापुढे सरकवला. जणू मी आता उठून त्याची पाठ थोपटावी.

या तक्त्यात दोन रकाने असतात. डावीकडे 'मूळ', उजवीकडे 'बदल'. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर अडतीस वर्षे मी जुन्या वाहनांच्या किमती ठरवल्या. उजवा रकाना लांबला की खालचा आकडा आखडतो, हे त्या काळात मला कोणी शिकवावे लागले नाही. भाच्याने डावा रकाना कोरा सोडला होता. उजव्यात जागा पुरली नाही म्हणून त्याने पुरवणी जोडली होती.

"चिरंजीव," मी म्हणालो, "हा रकाना बेरजेचा नाही, वजाबाकीचा आहे."

"मामा, तुमचा जमाना गेला. खाली बारा लाख लिहा आणि सही ठोका. घेणारा माणूस दहा वाजता येतोय."

"सात लाखांची गाडी होती ही."

"होती! आता बघा ना तिच्याकडे. आणि हौसेला मोल नसतं, मामा."

हे वाक्य मी पेन्सिलीने समासात टिपून ठेवले. तज्ज्ञाचे मत म्हणून ते निर्दोष होते.

गाडी माझ्या मेहुण्यांची. १९६१ सालचे पिकअप. माझी धाकटी बहीण सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवते. मेहुणे ते सामान याच गाडीतून घरोघर पोचवत. ते गेले, तेव्हा मी गाडी तपासून सात लाखांचा आकडा दिला होता. बहिणीला तो पुरेसा होता. सव्वीस वर्षे ती ज्या भाड्याच्या खोलीत काम करते, ती खोली मालकाने विकायला काढली होती. 'तुम्ही घेत असाल तर चार लाखांत तुम्हाला, नाहीतर दुसऱ्याला,' असे तो म्हणाला होता. त्याने दिलेली मुदत या मार्चअखेर संपत होती. त्यानंतर दोन शिलाई मशिनी, कापण्याचे मेज आणि माझी बहीण, सगळे रस्त्यावर.

मध्येच चिरंजीवांना साक्षात्कार झाला. "आई, तीन महिने दे, सातचे बारा करून देतो." तीन महिन्यांचे चौदा झाले. त्याचा स्वतःचा सगळा पगार त्यात गेला, हे मान्य करायला हवे. मूर्खपणा प्रामाणिक होता.

शेडमध्ये उभी होती ती वस्तू पुढीलप्रमाणे. छत साडेचार इंचांनी खाली आणलेले. मागचा हौदा पंधरा इंचांनी आखूड केलेला, म्हणजे सामान वाहण्याची गाडी आता सामान सोडून सर्व काही वाहू शकत होती. गोल दिव्यांच्या जागी चिंचोळे दिवे, त्यामुळे गाडी सतत कोणावर तरी संशय घेते आहे असे वाटे. चाके इतकी रुंद की वळताना ती मडगार्ड खरवडत. इंजिन एका मोटारीचे, गिअरबॉक्स दुसरीचा, आणि रंग जांभळा, जो उन्हात हिरवा होई.

"आई, बसून तरी बघ एकदा."

बहीण बसली. तिचा अंबाडा छताला टेकला.

"छान आहे रे," ती म्हणाली. "केस कापले की बसेन."

दहाला ग्राहक आला. पन्नाशीचा, कापडी बुटांतला, मितभाषी माणूस. जुनी पिकअप जमवणे हा त्याचा छंद. त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले आणि मडगार्डला लावले. चुंबक खाली पडले. दुसरीकडे लावले, पुन्हा पडले.

"पत्रा आहे की नुसती पुट्टी?"

"फिनिशिंगसाठी थोडी भरलीय," भाचा म्हणाला. "साहेब, हिच्या व्हिडिओला चौऱ्याऐंशी हजार लाइक्स आहेत."

"मग त्यातल्या एकाला बोलवा. विकत घेणारा एकच लागतो."

"मॉडिफिकेशननं किंमत वाढते, साहेब!"

"पुढचे डिस्क ब्रेक बसवलेत, ते ठीक. उद्या काढून जुने लावता येतात. छत कसं वाढवणार? ओढून?" त्याने हौद्याचे वेल्डिंग बोटाने चाचपले. "असलीच गाडी माझ्याकडे एक आहे. पत्रा धड, चासी धड. पण आत इंजिन नाही की सीट नाही. म्हटलं, ही मिळाली तर जोडी होईल. राहू द्या. तुमची आवड तुम्हालाच लखलाभ."

भाच्याचा चेहरा जांभळ्याचा हिरवा झाला. बारा म्हणणारा तो आता सहा म्हणाला, मग पाच, मग "तुम्हीच काय ते बोला". ग्राहकाने चुंबक फडक्यात गुंडाळून खिशात ठेवले. भाव करण्याइतकीही इच्छा उरलेली नसणे, हा बाजारातला सर्वांत वाईट आकडा आहे.

बहीण मात्र शांतपणे म्हणाली, "लांबून आलात. चहा तरी घ्या."

शेडला लागूनच तिची कामाची खोली. ग्राहक भिंतीजवळच्या लांब बैठकीवर टेकला, आणि टेकताच उठला. मग खाली वाकून त्याने बैठकीच्या स्प्रिंगा पाहिल्या, कडेची शिवण पाहिली. बैठकीच्या पायाशी कापडाची पट्टी शिवलेली होती. तिच्यावर आकडा: ७.

"ही सीट याच गाडीची?"

"हो. मूळची."

"आणि बाकीचं?"

"भंगार ते!" भाचा दारातून ओरडला. "आई, तीनदा सांगितलं होतं भंगारवाल्याला बोलव म्हणून!"

"बोलवणार होते," बहीण म्हणाली, आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन तिने ताडपत्री ओढली.

सोफ्याच्या जुन्या कापडात गुंडाळलेले इंजिन. गिअरबॉक्स. गोल दिवे, जाळी, स्टिअरिंग, हौद्यातून कापलेले पंधरा इंचांचे तुकडे, छताखालच्या खांबांचे कापलेले चार तुकडे. प्रत्येकाला बांधलेली कापडी पट्टी, प्रत्येकीवर आकडा. बाहेरची सीट धरून एक ते एकतीस.

"आमच्या धंद्यात पद्धत आहे," ती ग्राहकाला सांगू लागली. "जुनं कव्हर उसवलं की त्याच्यावरून नवं बेततात. पण गिऱ्हाइकानं नवं पसंत केल्याशिवाय जुनं टाकायचं नाही. हा नवं बेतत होता. पसंत कुणी केलं नव्हतं. मग जुनं कसं टाकू?"

भाचा म्हणाला, "आई, मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तू तेही जांभळं केलं असतंस."

ग्राहक चहा विसरला. अर्धा तास गुडघ्यांवर बसून त्याने एकेक आकडा तपासला, इंजिनाचा क्रमांक फडक्याने पुसून वाचला आणि उठून म्हणाला, "तीन लाख."

"दादा," बहीण माझ्याकडे न पाहता म्हणाली, "यांना जिना दाखव."

"जिना?"

"चढायला. अजून तीनवरच आहेत ना."

ग्राहक हसला. साडेतीन झाले, चार झाले. मी तोंड उघडणार होतो, तर बहिणीने माझ्या पायावर पाय ठेवला. "सीटवर नवं अस्तर मी घालून देईन," ती म्हणाली, "मूळ शिवणीत. तशी शिवण आता कुणी घालत नाही." त्या एका वाक्यावर आकडा आणखी सरकला, आणि हात मिळाले.

भाचा गाडीच्या मडगार्डवर बसला होता. "मग हिचं काय करू, मामा?"

"चालव. वाकून."

त्याच संध्याकाळी मी तक्ता पूर्ण केला. डाव्या रकान्यात एकतीस नोंदी घेतल्या. उजव्या रकान्यातील एकतीस बाबींपुढे, किमतीच्या जागी, भाच्याचेच वाक्य शाईने उतरवले: हौसेला मोल नसते. खाली सही केली.

विक्री: चार लाख तीस हजार.