दाखवायची खुर्ची

मी एक जुनी चाकाची खुर्ची आहो, मित्रांनो, पन दिसाले नवीकोरी! काहून का माह्या गादीवरचं प्लास्टिक कोनं काढलंच नव्हतं.

कारखान्यातून निंघाली तशी मी प्रदर्शनाच्या गाडीत चढली. मेडशी, शिरपूर, वाशिम... जिथी मंडप लागे, तिथी लाल गालिच्यावर मी. गळ्यात पाटी, ‘फक्त दाखवण्यासाठी’. लोकं हात फिरवत, म्हनत, ‘वा, काय मस्त हाय!’ मी अशी फुगायची का इचारू नका!

मंग वाशिमले अंजू आली. अनसिंगची, सहा वर्साची, मायच्या कडेवर. पायात जीव नव्हता, पन तोंडात, बाप्पा! खुर्च्या वाटनाऱ्या साहेबानं तिले माह्यावर बसवलं अन् तिनं चाकं धरून सुसाट सोडलं मले! ‘वांगे घ्या वो वांगे! ताजा सांबार, हिरवी कोथमीर!’ सारा मंडप हासून राह्यला.

‘कोनाची वं तू?’ एका बाईनं इचारलं.

‘उत्तमरावची नात. आमचा भाजीपाला हाय ना! खुर्ची भेटली का बजारात मीच इकीन. आबाले तं ओरडताच येत नाही!’

साहेबानं टेप लावून माप लिहिलं. म्हने, ‘अशीच येईन तुले.’ उतरवताना तिच्या मांड्या माह्या प्लास्टिकले चिपकल्या. खरं सांगू? मीच सोडत नव्हती.

दुसऱ्या खेपेले ती आबाच्या पाठीवर आली. खुर्ची आलीच नव्हती. पुन्हा माप, पुन्हा ‘येईन’. तिसऱ्या खेपेले तिची माय, साधनाबाई, एकटीच.

‘पोट्टी कुठी हाय? माप कसं घेऊ?’

‘उचलनं होत नाही आता. तिले आनाले खुर्चीच तं पायजे ना, साहेब!’

साहेब कागदच चाळून राह्यले.

यंदा नवा नमुना आला अन् माही पाटी निंघाली. साहेब साधनाबाईले म्हने, ‘हेच घेऊन जा.’ मित्रांनो, ऑटोच्या टपावर मी नाचत गेली, नाचत!

अंजू दारातच बसली होती. अकरा वर्साची झालती. तिनं दातानं टरकावलं माह्यं प्लास्टिक. जन्मात पयल्यांदा गादीले वारा लागला. मायनं अन् आबानं तिले उचललं, टेकवलं... अन् ती मावेच ना. माहे दोन्ही हात तिच्या कंबरेत रुतले.

‘दाबा आबा, दाबा! मले बसायचंच हाय!’

कातडं सोललं, तवा मायनं तिले ओढून काढलं. मी तवाच मोडून काहून नाही गेली?

मंग अंजूच म्हने, ‘आबा, वांग्याचं टोपलं ठेवा तिच्यावर. त्याले तरी बजार दिसू द्या.’

आता दर बजारी टोपलं माह्यावर असते, अन् आबा मले ढकलत नेते. बजारात लोकं अजूनही म्हनते, ‘काय मस्त हाय!’ मी फुगत नाही.

मित्रांनो, मले पुसू नका, माह्या चाकाले तेल देऊ नका. एवढंच करा. कोन्या लेकराचं माप घेतलं, तं लेकरू वाढायच्या आत खुर्ची त्याच्या दारात न्या.

आयका! आबानं आत्ताच मले रस्त्याले लावलं, अन् मांगून ती दारातूनच ओरडून राह्यली, ‘वांगे घ्या वो वांगे!’

रस्त्याच्या वळनापर्यंत आयकू येते. पुढं आबा गुपचूप चालते.