आपल्यातली पोरगी

लंडनमधल्या हॅरोच्या एका रेस्टॉरंटमध्ये कस्तुरी वेट्रेस होती, आणि तिथे मराठी माणसं आली की ती आत सटकायला बघायची. एरवी परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की बरं वाटावं. पण महिन्याभरात दोन मराठी कुटुंबांनी, ही नागपूरची पोर आहे असं कळताच, बिलातला सर्व्हिस चार्ज काढायला लावला होता आणि तिच्या मुठीत दहा पौंडांची नोट कोंबली होती. प्रेमानेच. तो चार्ज आठ जणांत वाटला जातो, तो गेला की आत भांडी घासणाऱ्या दानुता नावाच्या बाईचाही वाटा बुडतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कस्तुरीने त्या नोटा वाटणीत टाकल्या, तरी सगळ्यांची तोंडं वाकडीच राहिली. मॅनेजर राजीवने शांतपणे सांगून टाकलं, की आणखी एकदा असं झालं तर तिने टेबलं सोडून आत भांड्यांना जायचं. तास निम्मे, पगार निम्मा. खोलीचं भाडं काही निम्मं होणार नव्हतं.

रविवारी दुपारी अकरा जण आले. मीनाक्षीकाकूंची साठी होती. यजमान त्यांचे पती ज्ञानेश्वरकाका, या देशात चाळीस वर्षं काढलेले. शेजारी न्यू जर्सीहून आलेला पुतण्या यतीन. कस्तुरी सकाळपासून उभी होती, पोटऱ्या भरून आल्या होत्या. गरम ताट ठेवताना तिच्या तोंडून सवयीने ‘सांभाळून हं’ निघून गेलं आणि बिंग फुटलं.

काकूंनी तिचा हातच धरला. जेवलीस का, आई काय करते, इतकी वाळलीस का, सगळं विचारून झालं. पुढच्या रविवारी घरी पुरणपोळीला यायचं, असं फर्मानही सुटलं. कस्तुरीने कागदी नॅपकिनवर आपला फोन नंबर लिहून दिला. या देशात आल्यापासून सात महिन्यांत तिला कोणी घरी जेवायला बोलावलं नव्हतं. तिला एकदम रडू आलं, म्हणून बडीशेप आणायच्या निमित्ताने ती आत गेली.

इकडे यतीनचं अमेरिकापुराण चालू होतं. तिकडे वीस टक्के टिप ठेवलीच पाहिजे, नाहीतर वेटर पार्किंगपर्यंत मागे येऊन विचारतो, आमचं काही चुकलं का. काका मिशीतल्या मिशीत हसत होते. बिल येताच त्यांनी चष्मा चढवला आणि शेवटच्या एकतीस पौंडांच्या सर्व्हिस चार्जवर बोट ठेवलं.

“आता बघ, इंग्लंडमध्ये कसं असतं,” ते पुतण्याला म्हणाले आणि कस्तुरीकडे वळले. “बाळा, हे काढून आण. हे मालकाच्या खिशात जातं. तुला मी हातात देतो. तू आपल्यातली.”

वीसची नोट त्यांच्या बोटांत तयार होती, वर शुभ म्हणून एक पौंडाचं नाणं. काउंटरपाशी राजीव पाठमोरा उभा होता, पण पाठमोऱ्या माणसालाही ऐकू येतंच.

वडीलधाऱ्यांकडे पैसे मागायचे नाहीत आणि त्यांनी दिलेले नाकारायचे नाहीत, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. गप्प राहणंच सोपं होतं. पण ती इतकी दमली होती, की गप्प राहण्याचंही बळ उरलं नव्हतं.

“काका, ते काढू नका,” ती म्हणाली. “ते मालक घेत नाही, आम्ही आठ जण वाटून घेतो. ते गेलं तर माझं टेबलांचं काम जाईल.”

यतीन खो खो हसला. “काका, ही तर पार्किंगपर्यंतसुद्धा थांबली नाही. सेम टू सेम अमेरिका!”

काकांचा चेहरा उतरला. नोट आणि नाणं त्यांनी पाकिटात परत ठेवलं, कार्ड मशीनवर टेकवलं, सगळी रक्कम भरली. “असं आहे होय,” एवढंच म्हणाले. बाळा म्हणाले नाहीत. काकू निघताना हसल्या, पण तसं कोणत्याही वेट्रेसकडे बघून हसतात.

मंडळी बाहेर पडल्यावर राजीव “वेल डन” म्हणून गेला. कस्तुरी टेबल आवरू लागली. केकच्या बशीखाली तिचा नॅपकिन होता, तिच्याच अक्षरातला नंबर, कडेला थोडं क्रीम लागलेलं. विसरल्या असतील, तिला वाटलं. नॅपकिन घेऊन ती धावतच दारापर्यंत गेली. समोर पार्किंगमध्ये काकू अजून गाडीत बसत होत्या, हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

तेवढ्यात काकांनी वळून तिला दारात पाहिलं. त्यांचा हात खिशातल्या पाकिटाकडे गेला.

कस्तुरीने नॅपकिन मुठीत चुरगाळला आणि मान हलवून नको म्हणाली. मग आत येऊन तिने टेबल पुसलं.