केसपेपरवाले भाऊसाहेब

धर्माजी निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात इंदूबाईंना वाटू लागलं, सरकारनं यांना आणखी दहा वर्षं तरी ठेवून घ्यायला हवं होतं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस घरी बसला, आणि फायली नाहीत म्हणून त्यानं घराचीच फाईल केली. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या. चहाला पाच मिनिटं उशीर झाला की खुलासा द्यावा लागे.

एवढं करूनही वेळ उरायचा, तो त्यांनी आजारपणाला दिला. सकाळी धडधड, दुपारी चक्कर, संध्याकाळी दोन्ही. मुलगी प्रज्ञा रेवदंड्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होती. धर्माजी रोज साडेनवाला तिथं हजर. बीपी तपासून घ्यायचे, आकडा वहीत लिहायचे, आणि तो मनासारखा वाईट नसला की पुन्हा रांगेत उभे राहायचे.

शेवटी प्रज्ञाचा धीर सुटला. "बाबा, रोज येताच आहात, तर केसपेपरच्या टेबलावर बसा. लिहायला माणूस नाही. पगार मिळणार नाही, आधीच सांगते."

"फुकट? अगं, माझी तब्येत तरी बघ!"

"तब्येत बघूनच म्हणतेय."

लेकीवर उपकार म्हणून धर्माजी कबूल झाले. दुसऱ्या दिवशी घरून फूटपट्टी, दोन रंगांची पेनं आणि झाकणाचा पेला घेऊन आले, आणि रजिस्टरवर रेघा आखायला बसले.

"भाऊसाहेब, पायात शिंगाळ्या माशाचा काटा गेलाय. लिवा लवकर," समोरून आवाज आला.

रेघ अर्ध्यावर होती. धर्माजींनी मान वर केली नाही. चौतीस वर्षांची सवय आपली आपणच बोलली, "उद्या या."

सखुबाई कोळीण एका पायावर उभी होती. ती म्हणाली, "मी येन उद्या. पन ह्यो पाय येल का न्हाय, त्यालाच इचारा!"

रांगेत हसू फुटलं. सखुबाईनं वाकून त्यांचं तोंड निरखलं. "अगो बाय! तुमीच न्हाय का ते? आमच्या घराच्या कागदासाठी सात हेलपाटं घालाया लावलंत!"

धर्माजींचे कान तापले. कचेरीत मध्ये जाळी असायची. इथं मध्ये काहीच नव्हतं, होता तो भोपळ्यासारखा सुजलेला पाय. ते उठले आणि कोपऱ्यातली चाकाची खुर्ची ओढून आणली. जन्मात कधी ती ढकलली नव्हती. आधी बाकाला आपटली, मग दाराच्या चौकटीला. "डावीकडं घ्या! डावीकडं! ह्याच्यापरीस व्हडी बरी!" सखुबाई ओरडत होती. प्रज्ञानं काटा काढला, पाय गरम पाण्यात बुडवायला सांगितला, आणि ते पाणी धर्माजींनी समोरच्या चहावाल्याकडून आणलं. तीन खेपा झाल्या. छातीतली धडधड त्या दिवशी झाली की नाही, हे बघायचंच राहिलं.

सखुबाई शेक घेत असताना त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या त्या कागदाचं काय झालं शेवटी?"

"झाला की! तुमी रजेवर गेलात तवा."

धर्माजींना आधी राग आला, मग खूप दिवसांनी हसू आलं. जाताना ती म्हणाली, "अक्षर बेस हाय तुमचं. पन वर बघून लिवत जावा."

ते वर बघून लिहू लागले. वर बघितलं की माणसं दिसतात आणि दिसली की बोलतात. ट्रकवाले चांगदेव साखर वाढली की बायकोच्या स्वयंपाकाला दोष द्यायचे. धर्माजी पेन रोखून विचारत, "हळदीला जिलब्या किती खाल्ल्या? खरं सांगा, शाईनं लिहितोय." चांगदेव खरं सांगत. ज्यांना चिठ्ठी वाचता येत नसे त्यांना ते गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य नि चंद्र काढून देत. घरी डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या, तेही त्यांना कळलं नाही.

दोन महिन्यांनी प्रज्ञाच्या लक्षात आलं. "बाबा, बीपी कधी तपासलंत?"

"वेळ कुठाय?"

तिनं जबरदस्तीनं दंडाला पट्टा बांधला. आकडा बघितला, मग दुसरं मशीन आणलं. तोच आकडा, तरण्या पोराला शोभेल असा. डॉक्टरांनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला. त्यांचंच वाढलेलं निघालं.

रविवारी धर्माजी इंदूबाईंबरोबर मासळी आणायला निघाले. दहा मिनिटांच्या कामाला दीड तास लागला. एकानं भर बाजारात जीभ बाहेर काढून दाखवली, दुसऱ्यानं बरं झालेलं गळू. एक म्हातारी तर नातवाला उचलूनच घेऊन आली, "बघा, अंग धरलंय का?"

इंदूबाई पिशवी घेऊन एकट्याच रिक्षास्टँडवर गेल्या.

"केसपेपरवाल्या भाऊसाहेबांच्या घरच्या ना?" रिक्षावाल्यानं विचारलं. "बसा. ते येतील मागून."

"त्यांचा काही भरवसा नाही. तू चल," इंदूबाई म्हणाल्या आणि ऐसपैस बसल्या. कोलंबी सोलायला घर शांत मिळणार होतं.